सहा महिन्यांनी दाखवा

सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहायचे नाहीत. बाजारात कुणी नमस्कार केला की ते कोऱ्या नजरेनं बघत राहायचे आणि मग म्हणायचे, "हसा जरा." तो बिचारा गोंधळून हसला की सरांना सगळं आठवायचं. "अरे, तू खालच्या उजव्या दाढेचा! भरलेलं टिकलं का? दाखव, दाखव." आणि मेथीच्या जुड्या आणि हातगाड्यांच्या मधोमध ते त्याची हनुवटी धरून डोकं उन्हाकडे वळवायचे. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामांना पंगतीत तोंड उघडायला लावलं होतं. मामांच्या तोंडात तेव्हा जिलबी होती. मोडनिंबला एसटी थांबली तेव्हा कंडक्टरला खाली उतरवून त्याची दाढ बघितली आणि ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवत राहिला, हे तर मी स्वतः पाहिलं आहे.

सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांचा दवाखाना होता. मी बीडीएस होऊन, नोकरी शोधत त्यांच्याकडे गेले. बरोबर अब्बा होते. मुलीला कुठं ठेवतोय ते बघायला आले होते. सरांनी माझी सर्टिफिकेटं बाजूला सारली आणि अब्बांना खुर्चीत बसवलं. "तोंड उघडा." अब्बांनी निमूट उघडलं. बाहेर आल्यावर मात्र टेम्पोत बसेपर्यंत ते पुटपुटत होते, "बेटा, ये डॉक्टर है या घोडे का बेपारी?"

मी तिथं बरीच वर्षं काम केलं. आता दवाखाना मीच चालवते.

सरांच्या दवाखान्यात "मला वाटतं" म्हणायला बंदी होती. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "सर, मला वाटतं ही दाढ वाचेल." त्यांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. "वाटायचं ते घरी. इथं काय दिसतं ते सांग." लक्ष्मक्का, आमची मदतनीस, अवजारं धुणारी आणि पेशंटचे नंबर लावणारी तेलुगू बाई, नव्या माणसाला दारातच बजावायची, "दुखतंय म्हना, सुजलंय म्हना. वाटतंय म्हनू नका. साब चिडतात."

दिसेल त्याचं तोंड उघडायचा हा चक्रमपणा कुठून आला, ते त्यांनी मला एकदा दुपारी डबा खाताना सांगितलं. म्हणाले, "आपण दात भरतो आणि माणूस जातो. टिकला तर तो परत येत नाही, आणि पडला तर चिडून दुसऱ्याकडे जातो. म्हणजे आपलं बरोबर आलं की चुकलं, आपल्याला काहीच कळत नाही. सुताराला निदान दार रोज दिसतं गं." त्या दिवसापासून बाजारात त्यांच्या शेजारी उभं राहताना मला वाटणारी लाज थोडी कमी झाली.

म्हणून तो ऑनलाइन डेटाबेस त्यांच्या आयुष्यात आला तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले. त्यांचा एक वर्गमित्र कुठल्याशा कॉलेजात शिकवायचा. त्यानं आणि आणखी काही जणांनी मिळून तो सुरू केला होता. ठिकठिकाणच्या साध्या दवाखान्यांनी आपल्या पेशंटची माहिती त्यात भरायची. नाव घालायचं नाही, फक्त वय, गाव, सवयी, काय आजार दिसला, काय केलं आणि पुढं काय झालं. कॉलेजातले संशोधन करणारे लोक ते सगळं एकत्र वाचायचे, जगभरातल्या अभ्यासांशी ताडून बघायचे आणि जे हाती लागेल ते सोप्या भाषेत आम्हाला परत पाठवायचे. सर म्हणायचे, "तिकडं अभ्यास करणाऱ्यांना पेशंट दिसत नाही, इकडं आपल्याला अभ्यास दिसत नाही. आता दोघांच्या मधली भिंत पडली."

कॉम्प्युटर अवजारं उकळायच्या यंत्राशेजारी, एका स्टुलावर होता. सर एका बोटानं टाइप करायचे. ते मूळचे अक्कलकोटकडचे. पेशंटशी मराठी बोलायचे, पण कॉम्प्युटर अडला की त्याला कानडीत रागवायचे. माहिती भरायच्या आधी प्रत्येकाची परवानगी घ्यायची हा त्यांचा कडक नियम. विड्या वळणाऱ्या एका म्हातारीला ते समजावत होते, "आजी, तुमचं नाव नाही घालत, फक्त दात घालतो." म्हातारी म्हणाली, "घाला की. हायतच किती!"

स्वतःचं बिघडलेलं कामही ते त्यात भरायचे. भरताना मोठ्यानं म्हणायचे, "नापास." बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटना ते ऐकू जायचं. मी एकदा म्हटलं, "सर, हळू." ते म्हणाले, "का? तो दात तर त्यांच्यातल्याच कुणाचा तरी आहे."

सांगोल्याला त्यांनी एक शिबिर घेतलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. जनावरांच्या बाजाराचा दिवस होता, म्हणजे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं आयतीच येतात. पत्र्याच्या शेडमध्ये दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर सर, एकीवर मी. शेळ्यांच्या ओरडण्यात काही ऐकू येत नव्हतं. त्या गर्दीत एक बाई आली. वय पन्नाशीचं असेल, हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. नवरा मेंढरांजवळ थांबला होता. तिची दाढ दुखत होती. सरांनी दाढ बघितली आणि मग खालचा ओठ दुमडून बघितला. आत, मिश्री दाबून ठेवायच्या जागी, एक पांढरट चट्टा होता.

सर तिला म्हणाले, "बाई, मिश्री बंद करा. आजपासून."

"व्हय."

"आणि हे सहा महिन्यांनी मला दाखवा. सोलापूरला. विसरू नका."

"न्हाय इसरत," ती म्हणाली.

मला तेव्हा त्यात काहीच खटकलं नाही. कॉलेजात मलाही हेच शिकवलं होतं. असा चट्टा दिसला की तंबाखू बंद करायला सांगायचं आणि सहा महिन्यांनी बोलवायचं. सरांनाही त्यांच्या सरांनी तेच शिकवलं असणार. आम्ही दोघंही दिवसातून एकदा तरी हे वाक्य म्हणत असू.

उन्हाळा गेला, पाऊसही गेला. पुन्हा थंडी पडायला लागली होती. एका दुपारी दवाखाना रिकामा होता. सर कॉम्प्युटरसमोर बसले होते. डेटाबेसवाल्यांकडून तोंडातल्या चट्ट्यांबद्दल टिपण आलं होतं. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर वाट बघू नये, तुकडा काढून तपासणीला पाठवावा. ही गोष्ट नवी नाही, अभ्यासातून पुष्कळ आधीच पुढं आली आहे, असंही त्यात होतं.

सरांनी विचारलं, "आपण काय सांगतो?"

"सहा महिने, सर."

"कशावरून?"

शिकवलं म्हणून, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. सरांनी टिपण पुन्हा स्वतः वाचून काढलं. मग म्हणाले, "हे आधीपासून माहीत होतं. कुणाला तरी माहीत होतं. आपल्यापर्यंत आलंच नाही."

त्याच दुपारी आम्ही बसलो आणि ज्यांना ज्यांना सहा महिने सांगितलं होतं त्या सगळ्यांना फोन लावायला सुरुवात केली. पेठेतले लोक पुढच्या काही दिवसांत येऊन गेले. तुकडे तपासणीला गेले. एकाला ऑपरेशन लागलं, वेळेत झालं. बाकीच्यांचं काही वाईट निघालं नाही. दर निकालाला लक्ष्मक्का देवाला हात जोडायची. सर मात्र मोकळे होत नव्हते. सांगोल्याच्या त्या बाईचा फोन नंबरच नव्हता. नुसतं वस्तीचं नाव होतं.

"जाऊन येऊ," सर म्हणाले.

आम्ही एसटीनं सांगोल्याला गेलो आणि तिथून एका रिक्षावाल्याला विचारत विचारत वस्तीवर. डाळिंबाच्या बागा संपल्या, मग नुसतं माळरान. शेवटी तीन घरं आणि मेंढरांचा वाडा. बाईचा नवरा बाहेरच बाजेवर बसला होता. सरांना त्यानं ओळखलं. उठून उभा राहिला, आत बघून सुनेला चहा टाकायला सांगितला.

सर उभ्यानंच म्हणाले, "बाई कुठं आहेत? त्यांना आजच सोलापूरला न्यायचंय."

म्हातारा बाजेवर परत बसला. मग म्हणाला, "ती गेली की, डाक्टर. श्रावणात."

सर बाजेच्या कडेला बसले. मी उभीच राहिले. म्हातारा सांगायला लागला, पण तो कुणावर रागावलेला नव्हता. म्हणाला, "मिश्री तिनं त्याच दिवशी टाकली बगा. डबी हितं उकिरड्यावर फेकली. मंग दुखाय लागलं. लई दुखायचं. भाकर गिळंना. मी म्हनलं, चल जाऊ सोलापूरला. तर म्हनली, डाक्टरनं सहा म्हयनं सांगितल्यात. त्ये पुरं होऊ द्या. आदी गेलं तर रागावतील."

सरांनी मान खाली घातली.

"सहा म्हयनं झालं तवर गळ्याला गाठ आलती. हितल्या डाक्टरनं थेट मोठ्या दवाखान्यात धाडलं. त्यांनी सांगितलं, आता येळ गेली."

सून चहा घेऊन आली. शेळीच्या दुधाचा, गोड. कुणीच कप उचलला नाही. मग सर म्हणाले, "माझं चुकलं. मी सहा महिने सांगायला नको होतं. लगेच न्यायला पाहिजे होतं. माझ्यामुळं ती थांबली."

मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, अंगावर येईल. सरांनाही बहुतेक तेच हवं होतं. म्हातारा उलट त्यांची समजूत घालायला लागला. "तुमी बगितलं तरी. आमच्याकडं कोन बगतंय, डाक्टर? च्या घ्या."

सरांना ते सहन झालं नाही. ते एकदम उठले, खिशातून मोबाईल काढून त्याची बॅटरी लावली आणि म्हणाले, "तुम्ही तोंड उघडा."

म्हाताऱ्यानं उघडलं. सरांनी ओठ दुमडून, गाल बाजूला करून, जीभ रुमालानं धरून सगळं तोंड बघितलं. मग सुनेचं. मग शेजारच्या घरातून माणसं जमली, त्यांची. सर घामाघूम झाले होते, पण थांबेनात. कुणाच्याच तोंडात काही निघालं नाही. परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून बसले. वाटेत गाडी थांबली, कंडक्टर खाली उतरला, पण सर उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आल्या आल्या कॉम्प्युटरसमोर बसले. त्या बाईची नोंद उघडली. "पुढं काय झालं" या प्रश्नाला निवडायला चार उत्तरं होती. बरा झाला. तसाच आहे. वाढला. पेशंट परत आला नाही. मी म्हणाले, "सर, शेवटचंच घालावं लागेल."

"नाही घालायचं. ती आली नाही असं नाही. तिला यायचं होतं. आपण तिला थांबवलं."

त्यांनी डेटाबेस चालवणाऱ्यांना इंग्रजीत मेल लिहिला. टाइप मी केला, सांगत ते होते. दोन मागण्या होत्या. एक म्हणजे निकालात मृत्यू हा पर्याय घाला. दुसरी म्हणजे दंतवैद्यानं पेशंटला तोंडी काय सांगितलं, याचा रकाना ठेवा. शेवटी त्यांनी सगळी हकीकत लिहायला लावली, स्वतःचं नाव, दवाखान्याचा पत्ता, सगळं घालून. वर्गमित्राचा फोन आला. समजावत होता की हे सगळं बिननावाचं असतं, तुझं नाव कशाला घालतोस. सर म्हणाले, "तिचं नको. माझं राहू दे."

दोन्ही गोष्टी झाल्या. थोडा वेळ लागला, पण झाल्या. तो नवा रकाना सुरू झाल्यावर ठिकठिकाणाहून उत्तरं यायला लागली, आणि त्यात पुन्हा पुन्हा तेच होतं. सहा महिन्यांनी या. तीन महिन्यांनी या. बघू. संशोधन करणाऱ्यांना वाटत होतं की त्यांचं म्हणणं दवाखान्यांपर्यंत पोचलं आहे. पोचलेलं नव्हतं. मग त्यांनी त्या एकाच गोष्टीवर नेट लावला, प्रादेशिक भाषांतून चिठ्ठ्या काढल्या, डॉक्टरांना फोन केले. कामाची गोष्ट झाली. सरांना मी ते वाचून दाखवलं तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले.

शहरातल्या दंतवैद्यांची एक बैठक असते. एका हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीवाले दात बसवायच्या नव्या स्क्रूची माहिती देतात, मग जेवण. सर कधी जात नसत. त्या वेळी गेले आणि भाषण संपल्यावर हात वर करून उभे राहिले. माईक नव्हता. त्यांनी सांगोल्याची गोष्ट सांगितली, स्वतःकडून काहीही न वगळता. "आपण सगळे सहा महिने म्हणतो. मी एक बाई घालवली. तुमच्याही असतील. तुम्ही शोधलं नाही, एवढंच."

पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सर, जेवण लागलंय."

लोक उठले. ताटं घेताना एक जण मला हळूच म्हणाला, "मॅडम, त्यांना आवरा. उद्या कुणी केस टाकेल." सरांच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. मी बसले. त्यांनी गुलाबजाम चमच्यानं दोन भागांत कापला आणि तसाच ठेवला.

पुढचं सगळं हळूहळू झालं. भवानी पेठेतल्या डॉक्टरच्या हातून बाई मेली, अशी बातमी बैठकीतून बाहेर पडली आणि विड्यांच्या कारखान्यापर्यंत गेली. कुणी भांडायला आलं नाही. लोकांनी नुसतं येणं बंद केलं. बाक रिकामा राहायला लागला. लक्ष्मक्का दारात उभी राहून ओळखीच्या बायांना हाका मारायची, त्या मान हलवून पुढं जायच्या. "साब, मी सांगू का त्यांना खरं काय ते?" तिनं विचारलं. सर म्हणाले, "ते जे ऐकतायत ते खरंच आहे, लक्ष्मक्का."

त्यांनी हातात अवजार धरणं सोडलं. मी काम करायची, ते शेजारी उभे राहून बघायचे. बाजारात जाणंही त्यांनी सोडलं. पेशंट पुढं माझ्या नावानं थोडे थोडे परत आले, तेव्हा सर घरीच बसायला लागले होते.

आधी त्यांची औषधं चुकायला लागली. मग काकूंचं नाव. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्या मला फोनवर म्हणाल्या, "अगं, आज त्यांनी मला विचारलं, तुमचा नंबर कितवा?" डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ते झोपायचे, एवढंच.

मी दर गुरुवारी दवाखाना लवकर बंद करून त्यांच्याकडे जाते. ते गॅलरीत बसलेले असतात. मी कोण हे त्यांना बहुतेक वेळा कळत नाही, पण दवाखान्यातली कुणीतरी आहे एवढं कळतं. दर वेळी एकच प्रश्न असतो. "ती सांगोल्याची बाई आली का?"

सुरुवातीला मी खरं सांगायची. खोटं सांगायचं माझ्या मनातच येत नव्हतं, त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते मी. "ती गेली, सर." प्रत्येक वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं. तोंडावरचा रंग उतरायचा, हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट व्हायचे. कधी रडायचे. अर्ध्या तासानं विसरायचे आणि पुन्हा विचारायचे.

एकदा काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "आली म्हणून सांग ना गं. तुझं काय जातंय? मी सांगते तर त्यांना पटत नाही. म्हणतात, तुम्हाला काय माहीत, तुम्ही दवाखान्यात होता का?"

गेल्या गुरुवारी मी गेले तेव्हा संध्याकाळचं ऊन गॅलरीत आलं होतं. काकूंनी सरांच्या खांद्यावर शाल टाकली. ते माझ्याकडे बघत होते. विचारणार हे मला दिसत होतंच.

"ती सांगोल्याची बाई आली का?"

"आली होती, सर," मी म्हणाले.

ते पुढं सरकले. "कधी?"

"लगेच आली. चट्टा होता. तुकडा तपासणीला पाठवला. काही वाईट नाही निघालं. बरी आहे ती."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. सरांचे हात सैल झाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचे हात असे मांडीवर मोकळे पडलेले बघितले. मला बरं वाटलं, म्हणून मी आणखी एक वाक्य बोलले.

"तुम्हीच तिला सांगितलं होतं ना, सर. लगेच या म्हणून."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मी कोण, हे घर कुठलं, आज वार कोणता, यातलं काही नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "मी सहा महिने म्हणालो होतो."